पहिल्या जहाजावर आधी प्युरिफायर शिका

जीएमई (पदवीनंतरचा मरीन इंजिनिअरिंगचा) कोर्स करून मुलं पहिल्यांदा इंजिन रूममध्ये उतरतात तेव्हा नजर मेन इंजिनवरच खिळते. तीन-चार मजली उंच टू-स्ट्रोक इंजिन, मिनिटाला जेमतेम शंभर फेरे, गिअरबॉक्सशिवाय थेट प्रोपेलरला जोडलेलं. जहाज मागे न्यायचं तर बहुतेक ठिकाणी इंजिनच थांबवून उलटं फिरवतात, तेही ३० बार दाबाच्या हवेने. पण ते सेकंडचं (सेकंड इंजिनिअरचं) काम. तुम्ही आधी चार साबांच्या (फोर्थ इंजिनिअरच्या) मागे लागून प्युरिफायर, म्हणजे तेल वेगाने फिरवून त्यातली घाण वेगळी करणारं यंत्र, शिका.

जड तेलात पाणी, गाळ आणि रिफायनरीतून आलेले अॅल्युमिनियम-सिलिकॉनचे कण असतात. हे कण, म्हणजे कॅट फाइन्स, लायनरला (सिलिंडरच्या आतल्या अस्तराला) आणि पिस्टन रिंग्जना कानशीसारखे घासतात. इंजिनात शिरण्याआधी त्यांना अडवायची खरी जागा प्युरिफायरच. त्यासाठी तेल ९८ अंशांच्या आसपास तापलेलं हवं आणि फ्लो गरजेपुरताच. तापमान थोडं घसरलं तरी कण नीट वेगळे होत नाहीत, आणि पॅनेलवर मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून वॉचमध्ये (ड्युटीच्या पाळीत) थर्मामीटर स्वतः वाचा.

प्युरिफायरचा बाऊल (आतलं फिरतं भांडं) उघडायची वेळ आली की पुढे व्हा. लॉक रिंगचे आटे डावे असतात, जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा. आतल्या डिस्कवरचा गाळ बोटांत चोळून पाहा, खरखर लागली तर लगेच सांगा. बसवताना बाऊल आणि हूडवरच्या (झाकणावरच्या) खुणा जुळल्याच पाहिजेत. एवढा जड बाऊल मिनिटाला हजारो फेरे घेतो, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

२०२० पासून ०.५ टक्के गंधकाची मर्यादा आली आणि तेलाचा स्वभाव बंकरगणिक (दर वेळी भरलेल्या इंधनागणिक) बदलू लागला. दोन बंकरचं तेल एका टाकीत मिसळणं शक्यतो टाळतात, कारण न जमणारी तेलं एकत्र आली की गाळ धरतात आणि फिल्टर तुंबतात.

इंजिन बंद असताना सेकंड स्कॅव्हेंज पोर्टमधून (सिलिंडरमध्ये हवा शिरायच्या भोकांतून) रिंग्ज बघतात, तेव्हा टॉर्च धरायला जा. त्याआधी स्टार्टिंग एअर बंद, इंडिकेटर कॉक (सिलिंडरवरच्या छोट्या तोट्या) उघडे, टर्निंग गिअर (इंजिन हळू फिरवायची यंत्रणा) लावलेला, हे तिन्ही स्वतः पाहा. रिंग चकचकीत, मोकळी, तेलकट असेल तर छान. काळी पडलेली, अडकलेली किंवा उभ्या ओरखड्यांची असेल तर मागच्या महिन्यांचं प्युरिफायरचं लॉगबुक काढा आणि तापमानाचा रकाना वाचत बसा.