रिजनल जेटवाल्या एअरलाइनच्या टेकओव्हरची बातमी वाचताय? या चुका टाळा

अमेरिकेत "अमुक एअरलाइन तमुक एअरलाइनला गिळणार" अशी कुजबुज सुरू झाली की दोन दिवसांत हिशेब मांडले जातात. इतकी विमानं, गुणिले इतकी किंमत, वजा कर्ज, म्हणजे शेअर स्वस्त आहे, घ्या! मोठ्या एअरलाइनच्या बाबतीत हा हिशेब थोडाफार तरी चालतो, पण रिजनल जेटवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या एअरलाइनसाठी छोट्या गावांना छोटी जेट उडवणाऱ्या कंपन्यांच्या, बाबतीत तो मुळातच चुकतो आणि त्यात लोकांचे खरे पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे विमानं मोजणं आणि करार न वाचणं. स्कायवेस्ट, रिपब्लिक या रिजनल कंपन्यांच्या विमानांवर डेल्टा कनेक्शन, युनायटेड एक्सप्रेस, अमेरिकन ईगल अशी मोठ्या एअरलाइनची नावं रंगवलेली असतात ती उगाच नाही. तिकीट मोठी एअरलाइन विकते, भाडं ती ठरवते, कुठून कुठे उडायचं तेही बहुतेक तीच ठरवते आणि इंधनाचा खर्चही तिच्याच खात्यात जातो. रिजनल कंपनीला उड्डाणामागे आणि तासामागे ठरलेली रक्कम मिळते, मग विमान भरलेलं असो की अर्धं रिकामं. याला कपॅसिटी परचेस अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. म्हणजे खरी मालमत्ता तो करार आहे, विमान नाही. त्यातून कित्येक विमानं मोठ्या एअरलाइननेच घेऊन दिलेली असतात, मग जी आपली नाहीतच त्यांची किंमत रिजनल कंपनीच्या नावावर कशी धरायची?

करार हातातून गेला की काय होतं त्याचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. अटलांटिक कोस्ट एअरलाइन्स नावाची कंपनी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावरून युनायटेडसाठी उडायची. युनायटेडने डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली (उड्डाणं चालूच होती) आणि सगळ्या रिजनल पार्टनरना दर कमी करा म्हणून सांगितलं. अटलांटिक कोस्टने २००३ मध्ये ठरवलं की आपण वेगळं होऊन स्वतःची स्वस्त एअरलाइन काढायची. तेवढ्यात मेसा एअर ग्रुप या दुसऱ्या रिजनल कंपनीने तिच्यावर जबरदस्तीच्या टेकओव्हरची बोली लावली, म्हणजे मॅनेजमेंटला नको असताना थेट शेअरहोल्डरकडे जाऊन. ती बोली डिसेंबर २००३ मध्ये मागे घेतली गेली, आणि जून २००४ मध्ये अटलांटिक कोस्टची स्वतःची एअरलाइन, इंडिपेंडन्स एअर, सुरू झाली, ५० सीटच्या ऐंशीच्यावर सीआरजे-२०० विमानांसह. विमानं तीच, पायलट तेच, विमानतळही तोच. फक्त आता रिकाम्या सीटचा तोटा स्वतःचा, इंधनाचं बिल स्वतःचं, आणि समोर भाडं कमी करून बसलेली युनायटेड. त्यात तेल महाग होत गेलं. नोव्हेंबर २००५ मध्ये दिवाळखोरी, आणि ५ जानेवारी २००६ ला शेवटचं विमान उतरलं. जे विमान आदल्या वर्षी फायदा करून देत होतं तेच विमान बुडवून गेलं, मधे बदललं ते एवढंच की रिस्क कोणाच्या डोक्यावर आहे.

दुसरी चूक, सीटमागचा खर्च बघून "छोटं जेट म्हणजे तोट्याचंच" असं ठरवून टाकणं. आपण गोल आकडे धरू, हे फक्त समजण्यासाठी. समजा ५० सीटच्या विमानाची एक फेरी ६,००० डॉलरला पडते, म्हणजे सीटमागे १२०. ७६ सीटच्या विमानाची फेरी ७,२००, म्हणजे सीटमागे साधारण ९५. आणि १६० सीटच्या विमानाची १२,०००, म्हणजे सीटमागे ७५. कागदावर मोठं विमान जिंकलं. पण त्या मार्गावर रोज प्रवासी ४५च मिळत असतील तर? छोट्या विमानात प्रवाशामागे १३३ डॉलर, मधल्यात १६०, आणि मोठ्यात तब्बल २६७. प्रवासी ७० झाले की मात्र मधलं विमान १०३ वर येतं आणि छोटं २० जणांना मागेच सोडून जातं. म्हणून आधी मार्ग बघायचा, मग विमान. आणि जे छोट्या गावातून येऊन हबवर, म्हणजे मोठ्या एअरलाइनच्या मुख्य विमानतळावर, मोठ्या, लांबच्या फ्लाइटमध्ये बसतात त्यांचं पुढचं तिकीट या हिशेबात दिसतच नाही, ते मोठ्या एअरलाइनच्या वहीत दिसतं. छोटी फ्लाइट तोट्यात दिसली तरी मोठी एअरलाइन ती का चालू ठेवते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

हा ५० आकडा आला कुठून हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकन नियमानुसार ५० सीटपर्यंत एकच फ्लाइट अटेंडंट पुरतो, ५१वी सीट लावली की दुसरा घ्यावा लागतो. शिवाय मोठ्या एअरलाइनच्या पायलट युनियनशी झालेल्या करारात स्कोप क्लॉज असतो, म्हणजे रिजनल कंपनीने किती मोठी आणि किती विमानं उडवायची याची मर्यादा. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तीन मोठ्या एअरलाइनमध्ये ती साधारण ७६ सीट आणि ८६,००० पौंड वजनावर येऊन थांबते.

इथेच तिसरी चूक होते. लोक म्हणतात, टेकओव्हर झाला की नवा मालक जुनी विमानं विकून नवी, कमी तेल पिणारी आणेल. पण एम्ब्रेअरचं नवं ई१७५-ई२ त्या वजनात बसत नाही, त्यामुळे इंजिन चांगलं असूनही अमेरिकेतल्या रिजनल कंपन्या जुन्या पिढीचंच ई१७५ घेत राहिल्या. मित्सुबिशीचं नवं छोटं जेट स्पेसजेट २०२३ मध्ये कायमचं बंद झालं. शेवटचं नवं सीआरजे २०२१ च्या सुरुवातीला ग्राहकाला दिलं गेलं. युनायटेडने तर ७० सीटच्या सीआरजे-७०० मधून सीट काढून ५० सीटचं सीआरजे-५५० केलं, आत सामान ठेवायला चार कपाटं बसवली. ५० सीटच्या विमानांवर स्कोप क्लॉजची मर्यादा सैल असते, म्हणून सीट काढून विमान परवडतं; हे माहीत नसेल तर पटणारच नाही.

पायलट विसरणं ही तर नेहमीचीच चूक. २००९ च्या बफेलोजवळच्या रिजनल विमानाच्या अपघातानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून को-पायलटलाही सहसा १,५०० तासांचा अनुभव लागतो. २०२२ मध्ये कॅप्टनच मिळेनात म्हणून कितीतरी छोटी जेट उभी राहिली, पगार एकदम वाढवावे लागले. उभ्या विमानाचा हप्ता चालूच राहतो, हे ताळेबंद वाचताना ध्यानात ठेवा.

आता शेअरच्या किमतीबद्दल. बोलीची किंमत म्हणजे मिळणारी किंमत असं धरून चालू नका. जेटब्लू एअरलाइनने स्पिरिट या स्वस्त एअरलाइनसाठी २०२२ मध्ये शेअरमागे ३३.५० डॉलर कबूल केले होते. पण कोर्टाचा निकाल यायच्या आधी स्पिरिटचा शेअर पंधराच्या आसपासच फिरत होता, म्हणजे स्पर्धा कमी होईल म्हणून असलेला सरकारी विरोध बाजाराला दिसत होता. १६ जानेवारी २०२४ ला कोर्टाने डील अडवलं, शेअर एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला, मार्चमध्ये डील संपलं आणि नोव्हेंबरमध्ये स्पिरिट दिवाळखोरीत गेली. "इतका स्वस्त मिळतोय" म्हणून घेणाऱ्यांनी त्या फरकाचा अर्थच लावला नव्हता. उलट अलास्का एअरलाइन्सने हवाईयन एअरलाइन्सच्या शेअरमागे १८ डॉलर देऊ केले तेव्हा हवाईयनचा शेअर पाचच्या खाली होता, आणि ते डील सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झालं. दोन्हीकडे घाबरून किंवा हुरळून नाही, तर दोन कंपन्यांचे मार्ग एकमेकांवर किती येतात ते बघून निर्णय घ्यायला हवा होता. आणि विदेशी कंपनी येऊन घेईल ही अफवा आली तर आधी आठवा, अमेरिकन एअरलाइनमध्ये विदेशी मतदानाचा हक्क २५ टक्क्यांवर जात नाही.

अफवा आली की मी आधी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडतो, त्यात विमानांचा तक्ता शोधतो. कुठलं विमान कोणासाठी उडतंय, मालक कोण, आणि करार कुठल्या वर्षी संपतो. ज्या विमानाचा करार संपतोय पण लीज (विमानाचा भाडेकरार) अजून चार वर्षं आहे, त्यापुढे लाल खूण. मग युनियनचा करार कधी संपतो ते. एवढ्याला अर्धा तास लागतो.

२००३ मध्ये दुसऱ्याला गिळायला निघालेली तीच मेसा नोव्हेंबर २०२५ मध्ये रिपब्लिकबरोबर विलीन झाली. एकत्र कंपनीचा साधारण ८८ टक्के हिस्सा रिपब्लिकच्या शेअरहोल्डरकडे गेला, आणि मेसाकडे देण्यासारखं होतं ते म्हणजे ई१७५ ही एकाच जातीची विमानं, ती उडवणारे पायलट आणि युनायटेडचं काम.