पेन्सिल पाउच शिवताय? चेनची टोकं आधी बघा

सरळ टीप मारता येते, बॉबिन भरता येतं, इस्त्री हाताशी आहे, एवढं मी धरून चालते. मग चेनचा पाउच जमायलाच हवा. तरी तो पहिल्यांदा वेडावाकडा निघतो आणि बिचाऱ्या चेनला नावं ठेवली जातात.

बाहेरच्या कापडाचे आणि अस्तराचे साडेनऊ बाय साडेचार इंचाचे दोन-दोन तुकडे कापा. नवी पेन्सिल जेमतेम सात इंचांची, त्यामुळे जागा ऐसपैस होते. चेन नायलॉनची, मीटरवर मिळते ती घ्या. चेन उघडबंद करणारे रनर सुटे मिळतात. पितळी चेनच्या वाटेला सध्या जाऊच नका, दातावर पडली की सुई तुटते आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. खण वापरणार असाल तर मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड, चिकटवाच, त्याचे दोरे फार सुटतात.

आता मला रडकुंडीला आणणारी गोष्ट. कापड साडेनऊ, म्हणून चेनही साडेनऊ, असं कुणालाही वाटतं. तिथेच फसतो आपण. बाजूची शिवण मग थेट चेनवरून जाते. कापड, अस्तर, चेनची पट्टी, दाते, सगळं तिथे दुपटीने येतं. मशीन कुरकुरतं, टाके सुटतात, आणि पाउच सुलटा केला की कोपरा आतच दबून बसतो. कात्रीचं टोक खुपसून तो बाहेर ढोसायला जाल तर कापड फाटेल.

म्हणून चेन एक इंच आखूड, साडेआठच कापायची. रनर आधी चढवा, नंतर चढवायला जागा उरत नाही. मग दीड इंच लांब आणि चेनएवढ्या रुंदीचे कापडाचे दोन तुकडे घ्या आणि मधोमध घडी घालून इस्त्री करा. घडीची कड चेनच्या टोकावर पाव इंच चढवून कडेलगत टीप मारा, अर्धा इंच बाहेर राहू द्या. दुसऱ्या टोकालाही तसंच. झाले साडेनऊ! बाजूची शिवण पाव इंचावर घेतली की सुईखाली फक्त कापड येतं, दाते आणखी पाव इंच आत राहतात. कापडावर ठेवून मापून बघा. कमी-जास्त असेल तर आत्ताच उसवा, पुढे कशानेही झाकलं जात नाही.

गोंदाने चेन चिकटवा म्हणणारे व्हिडिओ मला पटत नाहीत. सुई चिकट होते आणि टाके गाळते. हाताने कच्चा धावदोरा घाला, पाच मिनिटं जातील, जाऊ देत. आणि शिकवायला कुणी हवंच असेल तर ब्लाउजवाल्या ताईंपेक्षा बॅगा दुरुस्त करणारे काका गाठा. चेन त्यांना कळते.

पुढचं सोपं आहे, घाबरू नका. बाहेरचं कापड सुलटं, त्यावर चेन उलटी, त्यावर अस्तर उलटं, आणि टीप. रनर आडवा आला की सुई कापडात रुतवूनच फूट उचला, रनर मागे सरकवा, फूट टाका, चला पुढे. दुसरी बाजूही अशीच. इस्त्री दातांवर टेकवू नका, नायलॉन वितळतं.

चारी बाजू बंद करण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवा, नाहीतर पाउच सुलटा व्हायचा नाही. अस्तराच्या तळाशी तीन इंच मोकळे सोडा, तिथून सगळं ओढून घ्या आणि ती फट मशीनवरच कडेने शिवून टाका. आतली टीप कुणी बघत नाही.