दोन दिवसांत आकार जुळवण्याचा गेम: कोडं उत्तराकडून बनवा

लुडम डेअरसारख्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या स्पर्धेत, एकट्याने उतरलं की विषय जाहीर झाल्यापासून ४८ तास हातात असतात. त्यातून झोप, जेवण आणि घरच्यांची कामं वजा करा. उरतात जेमतेम पंचवीस. एवढ्यात काय पुरं होईल? माझ्या मते, रिकाम्या आकृतीत तुकडे बसवण्याचा गेम. शत्रू नाहीत, धावणारी पात्रं नाहीत, चित्रकला यायला हवी असंही नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी: खेळ चालू होतो, पण कोडीच तयार नसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

पहिले दोन तास: संगणक बंद

चौकटीची वही, कात्री आणि जुनं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. चार-चार घरांचे तुकडे कापा. पाच घरांचे कापायचा मोह होईल, तो आवरा. चार घरांचे आकार जेमतेम पाच होतात (आरसा-प्रतिमा वेगळ्या धरल्या तर सात), पाच घरांचे मात्र बारा. अलेक्सी पाझित्नोव यांनीही १९८४ मध्ये मॉस्कोत टेट्रिस बनवताना पाच घरांचे तुकडे सोडून चार घरांचे घेतले. त्यांच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती, तेव्हा चौकोन कंसांच्या खुणांनी उमटवले. तुमच्या गेममधले चौकोन साधे दिसले म्हणून हिरमुसू नका.

कोडी उलटी बनवा

नवखा माणूस आधी आकृती काढतो, मग तुकडे ठरवतो आणि ते त्यात बसतात का हे शोधत बसतो. यात अख्खी रात्र जाते. आपलं उलट: आधी भरलेली आकृती घ्या, मग तिचे तुकडे पाडा. उत्तर हातात असल्यामुळे कोडं सुटणार याची खात्री असते.

हे तुकडे अक्षरांनीच लिहून ठेवा:

ककखख
कगगख
कगगख
घघघघ

सारख्या अक्षरांची घरं मिळून एक तुकडा. या चार ओळींतून प्रोग्रामला आकृतीही कळते आणि तुकडेही. पातळ्या बनवायला वेगळं साधन लिहायची गरज नाही, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये अशा पंधरा आकृत्या टाकल्या की झालं. आकृतीच्या बाहेरच्या घरासाठी टिंब लिहा.

उलट का, याचं एक उदाहरण देतो. चार घरांचे पाचही आकार एकेकदा घेतले की २० घरं होतात. ४×५ च्या आयतातही २० घरं. बसायला हवेत ना? कधीच बसत नाहीत. आयत बुद्धिबळाच्या पटासारखा रंगवा: १० काळी, १० पांढरी घरं. चार तुकडे कुठेही ठेवले तरी दोन काळी, दोन पांढरी झाकतात, पण टी आकाराचा तुकडा एका रंगाची तीन आणि दुसऱ्याचं एक झाकतो. बेरीज ११ आणि ९ येते, काही केलं तरी. पहाटे तीन वाजता हा आयत भरत बसणाऱ्याची दया येते.

अवघड-सोपं ठरवताना कडेकडे बघा. आकृतीला शेपूट, कान, कोपरे असतील तर तिथे कुठला तुकडा जाईल हे लगेच दिसतं. गुळगुळीत आयत काहीच सांगत नाही. उत्तरं पुष्कळ असली म्हणजे कोडं सोपं, असंही नाही. पाच घरांच्या बारा तुकड्यांनी ६×१० चा आयत २३३९ वेगवेगळ्या प्रकारे भरतो, तरी हाताने बसवायला घ्या, संध्याकाळ संपेल. तेव्हा आधी कान-शेपटीवाल्या, शेवटी आयत.

आता कोड

गोडो, स्क्रॅच (दोन्ही गेम बनवायची साधनं) किंवा साधं जावास्क्रिप्ट, जे आधीपासून येतं तेच घ्या. नवं साधन शिकायचा हा शनिवार-रविवार नव्हे.

लागतात तीनच गोष्टी. एक, पटाची यादी: कुठलं घर रिकामं, कुठल्यात कोण. दोन, तुकडा इथे बसतो का ही तपासणी: त्याचं प्रत्येक घर आकृतीच्या आत आणि रिकामं हवं. तीन, जिंकल्याची तपासणी. तिसरीत मी एकदा सपशेल आपटलो आहे. खेळणाऱ्याची मांडणी मी फाइलमधल्या उत्तराशी ताडून पाहत होतो. भाच्याने आकृती पूर्ण भरली, वेगळ्या पद्धतीने, आणि गेम ढिम्म. तो म्हणाला, ‘मामा, तुझा गेम हँग झालाय.’ उत्तर बघायचंच नाही. सगळी घरं भरली का, एवढंच विचारायचं.

तुकडा फिरवू द्यायचा का? गणित सोपं आहे: प्रत्येक घराचे (क्ष, य) बदलून (−य, क्ष) करा आणि उणे आकडे जातील इतकं सरकवा. त्रास बोटांचा आहे. एकच बोट ओढायलाही आणि फिरवायलाही वापरलं की दोन्हींत गल्लत होते, ती निस्तरण्यात अर्धा दिवस जातो. मी फिरवणं काढूनच टाकतो. कोडी तरीही पुरेशी छळतात.

बोटाखाली काय दिसतं?

वेळ खर्च करायची खरी जागा ही. फोनवर तुकडा बोटाखाली झाकला जातो, म्हणून उचलला की तो बोटाच्या दोन घरं वर दाखवा. सोडल्यावर तुकड्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याला सर्वांत जवळच्या घरात चिकटवा. हिशोब कोपऱ्याचा करायचा, बोटाचा नाही. सोडण्याआधी तो कुठे बसेल याची फिकट सावली पटावर दाखवा. बसला नाही तर निमूट आपल्या जागी परत जाऊ द्या, लाल फुल्या आणि भोंगे नकोत. बसल्यावर मात्र छोटासा ‘टक्’ आवाज हवाच; कॅरमची सोंगटी पाटावर आपटून फोनवर रेकॉर्ड केली तरी चालते. ब्राउझर पहिल्या स्पर्शाआधी आवाज वाजू देत नाही, त्यासाठी सुरुवातीला ‘खेळा’ असं बटण ठेवा.

तुकड्यांना रंग द्या, पण फक्त रंगावर भिस्त नको. लाल-हिरवा ओळखू न येणारेही खेळणार आहेत. प्रत्येक तुकड्याला ठळक कड दिली की भागतं.

गुण, घड्याळ, इशारे, दुकान: काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी

गेम कुणाच्या तरी हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. ‘अगं, ते ओढायचंय’ असं सांगावंसं वाटलं, तर पहिली पातळी चुकली आहे. पहिल्या पातळीत एकच तुकडा आणि त्याच आकाराची एकच रिकामी जागा ठेवा. सूचनांचं पान लिहायची गरज उरत नाही. ज्या पातळीवर दोघे जण अडकून फोन खाली ठेवतात ती शेवटी ढकला किंवा काढा. पंधरातल्या दहा उरल्या तरी पुष्कळ.

शेवटचे तीन तास

यात नवं काही लिहायचं नाही. इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर ब्राउझरचा गेम चढवताना झिप फाइलमध्ये ‘इंडेक्स’ नावाचं पान लागतं. चित्रांच्या आणि आवाजांच्या फाइलींची नावं लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसकट तंतोतंत जुळवा; विंडोजवर हा फरक चालून जातो, सर्व्हरवर बहुधा नाही, आणि मग तिथे तुकडेच दिसत नाहीत. एक कच्ची प्रत पहिल्या रात्रीच चढवून ठेवली असेल तर ही धावपळ निम्मी होते.

चढवल्यावर पान खाजगी खिडकीत, लॉगिन न करता उघडा. नवं पान आधी मसुदा म्हणूनच राहतं. तुम्हाला ते दिसतं, बाकी कुणालाच नाही. ते सार्वजनिक करा आणि फोनवरून पहिल्या पातळीपासून शेवटच्या पातळीपर्यंत एकदा खेळून पाहा.