गॅस गीझर बसवण्याआधीची तयारी

मागच्या जानेवारीत मुलुंडला मावशीकडे राहिले होते. अंघोळीला गेलेली मावशी २० मिनिटं झाली तरी बाहेर येईना, नळ मात्र चालूच. दार वाजवलं तर आतून पुसटसं "अगं, गरगरतंय मला." कडी कशीबशी तिनेच काढली. चार बाय सहाचं बाथरूम, थंडी म्हणून खिडकीच्या काचपट्ट्या घट्ट मिटलेल्या आणि गीझर आतच, भिंतीवर. तिला उचलून बाल्कनीत मोकळ्या हवेत आणलं, मग दवाखाना गाठला. मावशी बरी झाली. तेव्हापासून कुणी गॅस गीझर घेतोय म्हटलं की मी आधी जागा विचारते, किंमत नंतर.

म्हणून पहिली तयारी जागेची. गीझर बाथरूमबाहेर, शक्यतो ड्राय बाल्कनीत लावा आणि गरम पाण्याची पाइप आत न्या. पाइप लांबली की खर्च वाढतो, सुरुवातीचं गार पाणीही वाया जातं. तेवढं सोसा. पाइपलाइनमधून येणारा गॅस जाळायला त्याच्या साधारण १० पट हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेला उग्र वास जळताना निघून जातो, त्यामुळे इथे नाक उपयोगी पडत नाही.

दुसरी तयारी धूर बाहेर नेणाऱ्या फ्ल्यू पाइपची. खर्चात काटछाट करायची म्हणून हीच पहिली गाळली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. फ्ल्यूची सोय नसलेलं मॉडेल स्वस्त पडलं तरी घेऊ नका. पाइपचा व्यास कंपनीने दिलाय तोच ठेवा, वळणं कमीत कमी आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. टोक थेट उघड्यावर निघू दे, बंदिस्त डक्टमध्ये नको. तोंडाला टोपी हवीच, नाहीतर कबुतरं घरटं करून पाइप बुजवतात. भोक विटांच्या भिंतीला पाडायचं, बीम-कॉलमला हात लावायचा नाही. भिंत बाहेरची, तेव्हा सोसायटीचं पत्र आधी घ्या.

खरेदीला जाताना घरात सिलिंडर आहे की महानगर गॅसची पाइपलाइन, हे दुकानदाराला सांगा. दोन्हींचा दाब वेगळा आणि जेटही (गॅस बर्नरमध्ये सोडणारी बारीक छिद्रं) वेगळे. एकाचा गीझर दुसऱ्यावर तसाच जोडला की ज्योत बिघडते. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बंद करा. सिलिंडरवरच्या गीझरचं मानक आयएस १५५५८. आयएसआय शिक्क्याखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, दुकानातच 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर पाण्याचा दाबही तपासून घ्या. टाकी जेमतेम डोक्यावर असली की गीझर पेटतच नाही.

खर्चाचा अंदाज लेखी मागा: गीझर, फ्ल्यू, भोक पाडणं, गॅसची पाइप, पाण्याची पाइप, मजुरी, सगळं सुटं सुटं. गीझर बाजारात साधारण पाच-सात हजारांत मिळतो, पण बाकीचं मिळून आकडा बराच पुढे जातो. पाइपलाइनवर गीझरचा जादा पॉइंट गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच घ्या, ओळखीच्या प्लंबरकडून जोड काढून नाही. पाइप टाइल्सच्या आड दडवू नका. माणूस जाण्याआधी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, चाचणीचा कागद सहीसकट घ्या आणि बिल-वॉरंटीसोबत ठेवा. सिलिंडर असेल तर गळतीसाठी १९०६, पाइपलाइन असेल तर बिलावरचा आपत्कालीन क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गीझरशेजारी चिकटवा. मावशीकडे आता तो ड्राय बाल्कनीच्या दारावर आहे, तिच्या डोळ्यांच्या उंचीला.