टप्पा गळ्यात बसत नाही? या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या माझ्या घरी गाणं शिकायला येणारी मुलं टप्प्यापाशी, म्हणजे वळणदार तानांनी भरलेल्या गायनप्रकारापाशी पोचली, की हमखास एकच गोष्ट घडते. टप्प्यासाठी नावाजलेल्या गायिका मालिनीताई राजूरकरांचं एखादं ध्वनिमुद्रण ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच लयीत गायला बसतात. स्वर घसरतात, शब्द गिळले जातात. मग म्हणतात, "ताई, माझा गळाच टप्प्याचा नाही." गळ्याचा दोष फार क्वचित असतो.

टप्प्याची तान वेगामुळे जितकी अवघड, त्याहून जास्त तिच्या वळणांमुळे. ती सरळ जातच नाही. जमजमा, खटका, मुरकी, गिटकरी असे बारीक दाणे एकात एक गुंफलेले असतात. मध्येच तान एका स्वरावर निमिषभर थांबते आणि भलतीकडेच उडी घेते. आधी लय धरलीत तर हे थांबेच पुसले जातात आणि उरते नुसती घरघर. मीही शिकताना दोन वर्षं अशीच घालवली. शेवटी गुरूंनी तान तोडून हातात दिली: काफी रागातला एकच जमजमा, 'गमगम रेगरेग', एका मात्रेत दोन स्वर, तंबोऱ्यावर, पंधरा दिवस. प्रत्येक जोडीतला दुसरा स्वर पहिल्याइतकाच स्वच्छ लागला, की मगच दुगुन, म्हणजे दुप्पट लय. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच करायला लावते. आपली तान फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या गतीने ऐका. दाणे वेगळे ऐकू येत नसतील तर लय उतरवा, संकोच करू नका.

हनुवटीवर बोट ठेवूनही बघा. प्रत्येक दाण्याला जबडा हलत असेल, तर तान गळ्यातून निघत नाहीये.

ग्वाल्हेरकरांची खास चूक म्हणजे ख्यालाची सवय. आपण आलाप मांडून, विस्तार करून तानेला येतो. टप्प्यात उचलच तानेची असते आणि ती बोलांना धरून चालते. तिथे लांबलचक, नुसत्या 'आ'वरची सरळ तान घातली, की टप्पा संपला. दोन्हींचा मेळ हवा असेल तर आपल्या घराण्यात टपख्याल आहेच. पण आधी दोन्ही वेगवेगळे पक्के होऊ द्या.

शब्दांकडे तर कोणी बघतच नाही. शोरी मियाँ, म्हणजे गुलाम नबी, अठराव्या शतकातले लखनौचे. पंजाबकडच्या उंटवाल्यांच्या गाण्यांतून त्यांनी टप्पा घडवला, असं परंपरा सांगते, आणि बंदिशी आजही बहुतेक पंजाबीत आहेत. आपण मराठी माणसं तिथे 'चमचा'तला च आणि 'जहाज'मधला ज लावून बसतो. पंजाबी 'चंगा'मधला च आपल्या 'चंद्रा'तला आहे, 'जाणा'तला ज 'जीवा'तला. अर्थ विचारून घ्या, शब्द आधी नुसते बोला. अर्थ कळला की तान कुठल्या शब्दावर सैल सोडायची, हे बरंचसं आपोआप उमगतं.

सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकत असेल तर बहुधा मोजणी सरळ त्रितालाची चालू असते. टप्प्याला लागणारा पंजाबी किंवा अद्धा ठेका मात्रांनी सोळाचाच: टाळ्या 1, 5, 13 वर, खाली 9 वर. पण त्याला झोल आहे. बोल किंचित रेंगाळून पडतात, आणि सरळ मोजणारा गायक पुढे निघून जातो. आठवडाभर ठेका तोंडाने म्हणा, हाताने टाळी-खाली दाखवत. मग त्यावर बंदिशीचे शब्द, सूर न लावता. तान त्यानंतर.

आणि जानेवारीच्या पहाटे, आपल्या इथल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, उठल्या उठल्या टप्पा धरू नका. अर्धा तास खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, संथ सपाट पलटे, गळा पुरता तापला की मग पहिला जमजमा.