घरच्या संगणकातून अ‍ॅडवेअर काढताना

माझ्या आत्याच्या संगणकावर दर पाच-सात मिनिटांनी उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर यायची. तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब सफाई करा, असा इंग्रजी मजकूर आणि शेजारी अँटिव्हायरसच्या ढालीसारखे लाल चिन्ह. आत्या निवृत्त शिक्षिका आहे. तिने घाबरून संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेला आणि तिथे तिला सांगण्यात आले की सगळे फॉरमॅट करावे लागेल. त्यात तिच्या नातवंडांचे दहा वर्षांचे फोटो होते, म्हणून तिने आधी मला फोन केला. मी तिला त्या चौकटीतली सर्वांत बारीक ओळ वाचायला सांगितली. तिथे 'गूगल क्रोम' असे लिहिलेले होते आणि त्यापुढे एका अनोळखी संकेतस्थळाचे नाव होते. तेवढ्यावरून उलगडा झाला. संगणकात व्हायरस नव्हता. कधीतरी एका पानावर 'अलाऊ' हे बटण दाबले गेले होते आणि ते संकेतस्थळ मिळालेल्या परवानगीने जाहिराती पाठवत होते.

अ‍ॅडवेअर, म्हणजे न मागता जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर, काढायला बसताना हाच प्रश्न पहिल्यांदा विचारावा: जाहिरात नेमकी कुठे दिसते? पडद्याच्या कोपऱ्यात, ब्राउझरच्या आत, की ब्राउझर बंद असतानाही? जागा कळली की मूळ बहुधा सापडते, आणि मूळ न शोधता एकामागून एक सफाईची सॉफ्टवेअरे उतरवत बसले, तर त्यांतलेच एखादे नवे अ‍ॅडवेअर घेऊन येते. इथे दिलेली वाट विंडोज १० आणि ११ असलेल्या संगणकांसाठी आहे.

कोपऱ्यातून वर येणाऱ्या सूचनांचा बंदोबस्त सर्वांत सोपा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज आणि तिथे नोटिफिकेशन्स उघडावे. खाली परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. तीत ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव काढून टाकावे. नंतर त्याच पानावर, कोणत्याही संकेतस्थळाला सूचना पाठवू न देण्याचा पर्याय निवडून ठेवावा, कारण घरगुती वापरात या सूचनांवाचून क्वचितच कोणाचे अडते. फायरफॉक्समध्ये हीच सोय प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात, परमिशन्सखाली आहे. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे सांगणारी पाने हीच परवानगी फसवून मिळवत असतात; खऱ्या पडताळणीचा सूचनांच्या परवानगीशी काहीही संबंध नसतो.

दुसरा प्रकार ब्राउझरच्या आतला. मुखपृष्ठ आपोआप बदलते, शोध भलत्याच ठिकाणी जातो, बातमीच्या मजकुरातले शब्द अधोरेखित होऊन जाहिरातींचे दुवे बनतात. अशा वेळी ब्राउझरमधील एक्स्टेन्शन्सची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रामांची) यादी पाहावी आणि आपण जाणीवपूर्वक घेतलेले नसेल ते काढावे. मात्र त्याआधी सिंक, म्हणजे खात्यामार्फत सगळ्या संगणकांवर ब्राउझर सारखा ठेवण्याची सोय, बंद करावी. एक्स्टेन्शन खात्याशी जोडलेले असेल तर इथून काढलेले दुसऱ्या संगणकावरून पुन्हा उतरते, आणि 'काढले तरी परत येते' या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. यानंतर क्रोमच्या रीसेट सेटिंग्ज या भागातून सगळे मूळ स्थितीत आणावे. त्याने एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि मुखपृष्ठ व शोधयंत्र पूर्ववत होते. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड मात्र तसेच राहतात, त्यामुळे रीसेट करायला भिऊ नये.

तरीही शोधयंत्र बदलत नसेल, तर दोन जागा तपासाव्यात. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि टार्गेट हा रकाना शेवटपर्यंत वाचावा; प्रोग्रामच्या नावानंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तेवढा भाग खोडून टाकावा. दुसरी जागा क्रोमच्या मेनूची. तिथे अगदी खाली, ब्राउझरचे नियंत्रण तुमच्या संस्थेकडे आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते का ते पाहावे. कार्यालयाने दिलेल्या संगणकावर ती दिसणे योग्य आहे, आणि काही अँटिव्हायरसमुळेही ती दिसू शकते. घरच्या संगणकावर यांपैकी काही नसताना ती दिसली, तर एखाद्या प्रोग्रामने विंडोजमध्ये धोरण (ब्राउझरवर सक्तीने लागू होणारा नियम) लिहून ठेवल्याचा दाट संशय घ्यावा. असे धोरण ब्राउझरच्या सेटिंग्जमधून निघत नाही. त्यासाठी तो प्रोग्रामच काढावा लागतो.

तिसरा प्रकार त्या प्रोग्रामांचा, आणि खरी चिकाटी इथे लागते. सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन ती उतरवल्याच्या तारखेनुसार लावावी. जाहिराती ज्या दिवशी सुरू झाल्या त्या दिवसाच्या आसपास काय काय आले ते एका नजरेत दिसते; बहुतेक वेळा एका हव्या असलेल्या प्रोग्रामबरोबर त्याच तारखेची दोन-तीन अनोळखी नावे सापडतात. ती अनइन्स्टॉल करावीत. अनइन्स्टॉल होताना 'खरंच काढायचे का', 'सवलतीत ठेवायचे का' असे उलटसुलट प्रश्न विचारले जातात आणि नकाराचे बटण मुद्दाम फिकट ठेवलेले असते, म्हणून प्रत्येक चौकट सावकाश वाचूनच पुढे जावे.

प्रोग्राम काढला म्हणजे त्याने केलेले सगळे बदल गेले, असे धरून चालू नये. याचे गाजलेले उदाहरण २०१५ सालचे आहे. लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचे जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच आलेले होते. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळ खरे असल्याची ग्वाही देणारी डिजिटल फाइल, बसवले होते, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपवर एकच असल्यामुळे ती हाती लागलेल्या कोणालाही बनावट बँकेचे पान खरे भासवणे शक्य झाले. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी ते प्रमाणपत्र मागे राहत असे. ते काढण्यासाठी कंपनीला वेगळे साधन द्यावे लागले.

म्हणून मागे काय राहिले ते तपासावेच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि स्टार्टअपच्या भागात अनोळखी नोंदी बंद कराव्यात. नंतर ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारा टास्क शेड्यूलर उघडून त्याची लायब्ररी पाहावी. दर तासाला एखादे संकेतस्थळ उघडणारी किंवा काढलेला प्रोग्राम पुन्हा आणणारी नोंद इथेच दडलेली असते. मायक्रोसॉफ्ट, ब्राउझर किंवा प्रिंटर यांच्या नोंदींना हात लावू नये, आणि शंका असल्यास नोंद पुसण्याऐवजी केवळ निष्क्रिय करावी. शेवटी नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची ये-जा ज्यातून वळवली जाते तो मधला संगणक, पाहावा. घरच्या जोडणीला हाताने भरलेला प्रॉक्सी सहसा लागत नाही. तो चालू दिसला तर बंद करावा.

हे सगळे हाताने केल्यावरच तपासणीचे साधन चालवावे, असे माझे मत आहे, कारण आधी पाहून घेतले म्हणजे साधन काय काढते आहे ते समजते. मालवेअरबाइट्सचे अ‍ॅडक्लीनर हे मोफत साधन याच कामासाठी बनवलेले आहे. ते कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि सापडलेल्या गोष्टी आधी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे न पुसता वेगळ्या बंद जागेत, ठेवाव्यात. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून मोफत सफाई साधने उपलब्ध केली आहेत. एवढे करूनही त्रास थांबला नाही, तर विंडोज सिक्युरिटीमधील डिफेंडर ऑफलाइन तपासणी करावी. तीत संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू असताना लपून बसणारे प्रोग्रामही हाती लागतात. फॉरमॅट हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेतल्यानंतरच.

पडदा व्यापून टाकणारा इशारा आला आणि त्यात दूरध्वनी क्रमांक असेल, तर तो क्रमांक लावू नये. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पलीकडच्या माणसाला संगणकाचा ताबा किंवा पैसे दिले गेले असतील, तर इंटरनेट तोडून लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे.

आता पुन्हा येऊ न देण्याविषयी. विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल उघडून, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनखाली नकोशा अ‍ॅप्सना अडवण्याचा पर्याय चालू आहे ना, ते पाहावे. मुले किंवा वयस्कर मंडळी वापरत असतील तर त्यांना स्टँडर्ड खाते द्यावे, म्हणजे बऱ्याच प्रोग्रामांना उतरण्याआधी प्रशासक खात्याचा पासवर्ड मागावा लागतो. शोधाच्या निकालात सर्वांत वर दिसणारे 'स्पॉन्सर्ड' दुवे सॉफ्टवेअर उतरवण्यासाठी वापरू नयेत; तिथे नामांकित सॉफ्टवेअरची नक्कल करणारी पाने येतात, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच कारणासाठी नागरिकांना जाहिरातरोधक एक्स्टेन्शन वापरण्याचा सल्ला दिला होता. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन आणि क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती हे चांगले पर्याय आहेत. कोणतेही सेटअप चालवताना 'रेकमेंडेड'ऐवजी 'कस्टम' निवडावे आणि आधीच खूण केलेल्या चौकोनांतल्या खुणा काढाव्यात.

आत्याच्या संगणकात ही परवानगी शिरली ती मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर शोधताना. गूगलने विंडोजवरचे आपले ऑफलाइन इनपुट टूल देणे बंद केल्यापासून ते देण्याचा दावा करणारी अनेक पाने आहेत. अशा पानावर तीन मोठी हिरवी डाउनलोडची बटणे असतात. ती तिन्ही जाहिराती असतात, आणि खरा दुवा खाली बारीक निळ्या अक्षरांत असतो. वास्तविक २०१९ पासून विंडोजमध्येच मराठीचा फोनेटिक कळफलक मिळतो. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज उघडून मराठी भाषा जोडावी, तिच्या पर्यायांत कळफलक म्हणून मराठी फोनेटिक निवडावा, आणि विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबावा, की इंग्रजीतून मराठीत जाता येते.