काळ्या मातीतून गाडी आली की त्याच रात्री काय करायचं

पावसाळा लागला की आपल्या इंदूरचे फोर बाय फोरवाले दर रविवारी चोरल नाहीतर जानापावकडे निघतात आणि सोमवारी गाड्या तशाच माखलेल्या ऑफिसबाहेर उभ्या दिसतात. बऱ्याच जणांना तो चिखल मिरवायला आवडतो, समजू शकतो, पण चिखलात घातल्याने गाडीचं फार काही बिघडत नाही, तो चिखल आठ दिवस तसाच राहिला की मग बिघडतं. माझी जिप्सी आहे, १.३ लिटर पेट्रोल, पुढेमागे दोन्हीकडे पाटे (लीफ स्प्रिंग), त्यामुळे जे सांगतोय ते जिप्सीवरून सांगतोय पण थार, बोलेरोलाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी आपली माती समजून घ्या. माळव्याची काळी माती बसाल्ट खडकापासून झालेली, ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून दगडासारखी कडक होते, शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात ना, तीच माती चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या आत बसते आणि वरून कोरडी दिसली तरी आतून ओल धरून ठेवते. गंज तिथूनच लागतो. म्हणून ओली असतानाच धुवायची, सकाळी बघू म्हटलं की काम तिप्पट होतं. वाळलीच असेल तर पत्र्यावर खरवडू नका, पाणी मारून अर्धा तास भिजू द्या, मग आपोआप सुटते.

घरासमोर मात्र धुऊ नका. एक तर नर्मदेचं पाणी जलूदहून पंप करून एवढा घाट चढवून आणलेलं आहे आणि कितीतरी कॉलन्यांत ते एक दिवसाआड येतं, शिवाय २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरवर राहिलेल्या शहरात रस्त्यावर दोन घमेली गाळ सोडून जाणं बरं दिसत नाही. परत येताना वाटेतच वॉशिंग सेंटरला लिफ्टवर घ्या. प्रेशरची गन रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू देऊ नका, पाती वाकतात, तिथे साधा पाइप आणि पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला. ऑइल सील, वायरिंगचे कपलर आणि प्रॉपेलर शाफ्टचे (ताकद चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्यांचे) जॉइंट यांच्यावरही गन थेट रोखायची नाही. जोर लावायचा तो चासीला, चासीला खाली आणि बाजूला भोकं असतात, त्यातून पाइप आत घालून समोरच्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायचं, पहिल्यांदा केलंत तर आतून किती गाळ निघतो ते बघून चकित व्हाल. रिमच्या आतली बाजू हाताने साफ करा. खंडवा रोडवर साठ-सत्तरला स्टिअरिंग थरथरतं म्हणून लोक सरळ अलाइनमेंटला पळतात, पुष्कळदा नुसतं रिमच्या आत एका बाजूला चिकटलेलं ढेकूळ असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गोल डब्यातले ऑइलमध्ये फिरणारे गिअर. तीन वर्षांपूर्वी चोरलच्या बाजूला एका नाल्यातून चार-पाच वेळा ये-जा केली, पाणी हबच्या वरपर्यंत होतं, गाडी मस्त चालली, घरी आलो, धुतली, खूश. पंधरा-वीस दिवसांनी मागून हलकी घूं-घूं यायला लागली. उस्तादने बूच उघडलं तर ऑइलच्या जागी दुधाच्या चहासारखं काहीतरी पडलं, आणि पिनियनच्या बेअरिंगवर बारीक खड्डे पडलेले. होतं असं की चालून चालून हाउसिंग गरम झालेलं असतं, ते एकदम गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हाउसिंगला हवा ये-जा करायला दिलेल्या भोकातून) किंवा थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. थांबून पाच-दहा मिनिटं गाडी गार होऊ दिली असती तरी बराच फरक पडला असता.

त्यानंतर मी ठरवूनच टाकलंय, खोल पाण्यातून आलो की गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवतो, पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी आधी भरायचं वरचं बूच उघडून बघायचं, ते उघडतंय याची खात्री झाल्यावरच खालच्याला हात लावायचा, कारण खालचं उघडून ऑइल सांडलं आणि वरचं जाम निघालं तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. मग खालचं बूच थोडंसंच ढिलं करायचं आणि बोटावर पहिले थेंब घ्यायचे. पाणी आलं किंवा रंग दुधाळ दिसला तर सगळं ऑइल बदला, वरून थोडं नवं भरून चालवू नका. हेच गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) पण. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच घ्या, विशेषतः जिथे जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय तिथे दुकानदार चालतं म्हणाला म्हणून जीएल-५ टाकू नका, गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात. आणि ब्रीदरला चांगला फ्युएल होज लावून तो वर बॉनेटच्या उंचीपर्यंत नेऊन बांधा, अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे, हे आधी केलं असतं तर माझं बेअरिंग वाचलं असतं.

धुऊन झाल्यावर ग्रीस, धुण्याच्या आधी नाही. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असल्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट तीन आहेत, लोक मागचा आणि पुढचा करतात आणि मधला छोटा विसरतात. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या अधिक चिन्हासारख्या जॉइंटच्या) ग्रीस भरायच्या निप्पलवर आधी कापड फिरवा, नाहीतर माती तुम्हीच आत ढकलाल. मग लिथियम ग्रीस हळूहळू मारायचं, आधी काळपट पाणचट ग्रीस बाहेर येईल, चारही टोपणांतून नवं दिसलं की थांबायचं. तीनच बाजूंनी आलं तर चौथी बाजू कोरडी आहे, शाफ्ट थोडा फिरवून परत मारून बघा. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून टक असा आवाज येत असेल तर क्रॉस गेलाय, ग्रीसने तो परत येत नाही.

ब्रेकचं थोडक्यात. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात, गिअरमध्ये टाका आणि चाकाला वीट लावा. सीझनमध्ये एकदा ड्रम उघडून आतली माती काढा. तेव्हाच चाक जॅकवर घेऊन वरून-खालून धरून हलवून बघा, प्ले (ढिलेपणा) लागला तर बेअरिंग किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बघायला हवं.

खालून जुनं इंजिन ऑइल फवारायची पद्धत आपल्याकडे अजून चालते. मी सांगेन करू नका, पाट्यांचे रबर बुश फुगून मऊ पडतात आणि ते तेल पहिल्या पावसात रस्त्यावर उतरतं. दिवाळीनंतर चासी पूर्ण वाळली की गंज ब्रशने काढून प्रायमर मारा आणि पोकळ भागात वॅक्स. ओल्या मातीवर कोटिंग मारलं तर गंज आत झाकला जातो, दिसतच नाही.

उन्हाळ्यात चिखल नसतो पण धूळ असते, आणि एअर फिल्टर तेव्हाच गुदमरतो. हवा मारायची ती नेहमी आतल्या बाजूने बाहेर, आणि भिजलेला कागदी फिल्टर सुकवून वापरू नका, नवा टाका.

टायरची हवा चिखलासाठी मी अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवतो, त्याखाली नाही, टायर रिमवरून सुटायची भीती असते, आणि डांबरी रोडला लागायच्या आधी छोट्या कॉम्प्रेसरने परत भरतो. डांबर आलं की फोर व्हील पण काढायचं, कोरड्या रस्त्यावर पुढच्यामागच्या चाकांना वळताना वेगळ्या गतीने फिरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. पण उलट चूकही होते, ऑक्टोबर ते जून फोर व्हीलच्या लिव्हरला कोणी हातच लावत नाही आणि मग ऐन चिखलात तो हलत नाही. महिन्यातून एकदा एखाद्या कच्च्या मैदानात सरळ रेषेत एक-दोन किलोमीटर फोर हायमध्ये (फोर व्हीलचा नेहमीच्या वेगाचा गिअर) चालवा, मग थांबून फोर लोमध्ये (हळू पण जास्त जोराचा) थोडं, म्हणजे आतलं ऑइल सगळीकडे फिरतं आणि लिव्हर मोकळा राहतो.